आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतणाऱ्या रुग्णांसाठी: बेळगाव जिल्हा आरोग्य प्रशासनास आणि शल्यचिकित्सकांस खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
तसेच बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर आणि गोवा येथे सीमाभागातील रुग्णांवर आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारे सर्व डॉक्टर

सादर नमस्कार.

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर खानापूर तालुक्यात राहते. आजूबाजूच्या गावांत कुणी मोठ्या आतड्याचे किंवा गुदाशयाचे ऑपरेशन करून घरी आले, की थोड्याच दिवसांत त्या घरचे कुणीतरी निरोप घेऊन येते: ‘सिस्टर, जरा येऊन बघता का, पिशवी गळायलीय.’ मी जाते, मळ गोळा होण्यासाठी पोटावर लावलेली ती पिशवी बदलून देते, आणि दवाखान्यातून निघताना काय काय सांगितले होते ते घरच्यांना विचारते. उत्तर जवळजवळ नेहमी सारखेच मिळते. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितले, पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावले आणि हे कार्ड दिले. कार्ड बहुधा इंग्रजीत असते, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, रेशन कार्डाबरोबर, ट्रंकेत जपून ठेवलेले असते.

या पत्राचा विषय एवढाच आहे की ज्या गुंतागुंतीमुळे हे रुग्ण पुन्हा दाखल होतात किंवा दगावतात, त्यांतील बऱ्याचशा आता वॉर्डात नव्हे तर घरी उघड होतात, आणि त्या ओळखण्याचे ज्ञान मात्र आपण रुग्णाबरोबर घरी पाठवत नाही. यात कुणाच्या कौशल्यावर शंका नाही. आपल्या भागात या शस्त्रक्रिया आज ज्या सफाईने होतात, ती मी नोकरीला लागले तेव्हा विचारातही आली नसती. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात मांडलेली लवकर चालवण्याची, लवकर खायला देण्याची आणि अनावश्यक नळ्या टाळण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे, आणि त्यामुळे पूर्वी दहा-बारा दिवस राहणारा रुग्ण अनेकदा पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जातो. हे रुग्णाच्या हिताचेच आहे. परंतु आतड्याची दोन टोके जिथे जोडलेली असतात तो जोड गळण्याचा धोका साधारणतः पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान, कधी त्याहूनही उशिरा, डोके वर काढतो. म्हणजे ज्या दिवशी पूर्वी रात्रपाळीची परिचारिका नाडी मोजून डॉक्टरांना फोन करत असे, त्या दिवशी रुग्ण आता जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या पुढे एखाद्या वाडीत अंथरुणावर असतो, आणि त्याच्याजवळ बसलेल्या बायकोला कशाकडे लक्ष ठेवायचे हे कुणी सांगितलेले नसते.

जोड गळतो तेव्हा आतड्यातील मळ पोटात उतरतो आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. सुरुवातीची लक्षणे मात्र इतकी साधी असतात की घरच्यांना ती ऑपरेशनचा थकवाच वाटतात. आदल्या दिवशी चालणारा माणूस उठायला नको म्हणतो, जेवण पुढे सरकवतो, पोट पुन्हा फुगायला लागते, सुटलेला वारा पुन्हा अडतो, नाडी पडून असतानाही मिनिटाला शंभराच्या वर जाते, ताप येतो, आणि वयस्क माणसांत कधीकधी ताप न येता नुसते असंबद्ध बोलणे सुरू होते. निपाणीकडील एका विडी कामगार बाईंना घरी गेल्यावर असेच पोट दुखून ताप आला. गावातील डॉक्टरांनी दुखण्याचे इंजेक्शन दिले, ताप उतरला, घरच्यांना हायसे वाटले, आणि पुढचे दोन दिवस तसेच गेले. इंजेक्शनने ताप आणि वेदना दबल्या होत्या, पोटातील संसर्ग वाढत होता. त्या वाचल्या, पण दुसऱ्या मोठ्या ऑपरेशननंतर आणि अतिदक्षता विभागातील मुक्कामानंतर. त्या गावच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर असा एकही कागद नव्हता, ज्यावर ‘या रुग्णाच्या आतड्यात नवा जोड आहे, पोटदुखीबरोबर ताप आल्यास वेदनाशामक देऊन थांबू नये, तातडीने आमच्याकडे पाठवावे’ एवढे वाक्य लिहिलेले असेल.

रक्ताच्या गुठळीबद्दलही हेच म्हणता येईल. कर्करोगाच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो, म्हणूनच अनेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने शस्त्रक्रियेपासून चार आठवडे चालू ठेवायला सांगितले जाते. गावात ती इंजेक्शने आठवड्याभरात थांबतात, कारण टोचणारे कुणी नसते आणि ती कशासाठी आहेत हे माहीत नसते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ती गाडी करून निघण्याची वेळ असते, पाय चोळून बघण्याची नव्हे.

आता त्या गोष्टीकडे येते जी मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि जी सर्वांत सहज टाळता येण्याजोगी आहे. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागात जोड केला की त्याला विश्रांती मिळावी म्हणून शल्यचिकित्सक बहुधा लहान आतड्याचे तोंड काही महिन्यांसाठी पोटावर काढून ठेवतात आणि त्यावर मळ गोळा करणारी पिशवी लावतात. या पिशवीतून येणारा मळ पातळ असणारच, कारण पाणी आणि मीठ शोषून घेणारे मोठे आतडे वाटेतून बाजूला झालेले असते. दिवसाला साधारण अर्धा-पाऊण लिटर, फार तर एक लिटर येणे चालते. तेच दीड लिटरच्या पुढे जाऊ लागले की शरीरातील पाणी आणि त्याहूनही अधिक म्हणजे मीठ निघून जाते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, शेतावर राहणाऱ्या माणसाला, हे व्हायला दोन-तीन दिवस पुरतात. आणि इथे घरच्यांची माया उलट काम करते. पाणी फार जातेय म्हणून ते साधे पाणी, लिंबू सरबत, बाटलीतील गोड रस आणि शहाळी यांचा मारा करतात. साधे पाणी आतड्यातून जाताना शरीरातील मीठ आपल्याबरोबर ओढून नेते, जास्त गोड पेय आतड्यात आणखी पाणी खेचते, आणि शहाळ्यात सोडियम फारच थोडे असते. परिणामी जितके पाजावे तितकी पिशवी जास्त भरते. दुसरीकडे काही घरे भिऊन पाणीच तोडतात. दोन्ही वाटा शेवटी कोरडी जीभ, खोल गेलेले डोळे, पायांत गोळे आणि दिवसभरात जेमतेम एकदा झालेली गडद लघवी इथेच पोहोचतात.

या रुग्णाला हवे असते ते मिठाचे प्रमाण ठरलेले पाणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची एक पुडी मोजून एक लिटर पाण्यात, कमी नाही आणि जास्त नाही, आणि ते दिवसभर घोट घोट. त्याला जोड म्हणून आपल्याकडची उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज उत्तम. नुसते पाणी किती प्यायचे याची मर्यादा डॉक्टरांनी घालून द्यायची, मळ घट्ट करणारी लोपेरामाइडची गोळी जेवणाआधी घ्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचे, आणि पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम यावरून कळते), सोडियम, पोटॅशियम तपासायचे. यातले काहीही महाग नाही. नंदगडच्या बाजूच्या एका घरात सुनेने हे सारे नीट समजून घेतले होते. पिशवी ज्या प्लास्टिकच्या मगात रिकामी करायची, त्यावर तिने नेलपॉलिशने अर्ध्या आणि एक लिटरच्या रेघा ओढल्या होत्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा आकडा लिहिला होता. एके दिवशी आकडा दोन लिटरपर्यंत गेल्याबरोबर तिने नवऱ्याला कामावरून बोलावून घेतले, संध्याकाळच्या आत सासऱ्यांना सलाइन लागली आणि दोन दिवसांत ते घरी आले. त्या सुनेचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. तिला हे शिकवायला वॉर्डातील एका परिचारिकेने दोन दुपारी दिल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

पिशवीच्या बाबतीत आणखी काही लिहिणे भाग आहे. पोटावरचे तोंड ओलसर आणि लालसर गुलाबी असावे. ते काळपट पडले तर रात्र असो की पाऊस, वाट बघू नये. पिशवी पोटाला चिकटवणाऱ्या चकतीचे छिद्र तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे, नाहीतर मळ कातडीला लागून ती सोलवटते, मग नवी पिशवी चिकटत नाही, गळते, आणि माणूस घराबाहेर पडायचे सोडतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरते तसे तोंडाचे माप लहान होत जाते, म्हणून दवाखान्यात कापून दिलेले माप कायमचे धरून चालत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. आणि पिशवीत चार-सहा तास काहीच आले नाही, पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, तर तो अडथळा असतो. अशा वेळी कुणी एरंडेल पाजले तर जिवावर बेतू शकते, आणि गावोगावी ते आजही पाजले जाते.

शल्यचिकित्सकांना माझी विशेष विनंती आहे की तोंड कुठे काढायचे ती खूण शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्णाला निजवून, बसवून आणि उभे करून, त्याच्या नेहमीच्या कपड्यांत करावी. आमच्या बायका साडीच्या निऱ्या कुठे खोचतात, घागर कोणत्या कमरेवर घेतात, म्हातारी माणसे धोतराची गाठ आणि करदोटा कुठे बांधतात, हे टेबलावर झोपलेल्या रुग्णाकडे पाहून कळत नाही. नेमकी निऱ्यांच्या ओळीत आलेली पिशवी दिवसातून दोनदा सुटते, आणि तिची किंमत त्या घराला मोजावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सुरू होते तेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कारण आता कापाकापी नाही. खरे तर या काळात एक नियम सोन्याच्या अक्षरांत लिहून द्यायला हवा: ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर त्याच रात्री रक्ताची तपासणी आणि शिरेतून प्रतिजैविक मिळेल अशा ठिकाणी पोहोचायचे. बहुतेक औषधांत डोस दिल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात आणि त्या वेळचा साधा दिसणारा ताप काही तासांत माणूस नेऊ शकतो. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध चालू असताना थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या येतात आणि थंड पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. हे आधी सांगितले नसेल तर पहाटेच्या गारठ्यात धुणे धुणारी बाई घाबरून औषधच सोडून देते. केमोच्याच कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घ्यायच्या असल्यामुळे लोकांना त्या साध्या वाटतात, पण त्यांनी जोराचे जुलाब लागले किंवा तळहात-तळपाय सोलवटले तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचे असते, गोळ्यांचे पाकीट संपवायचे नसते.

महिने उलटल्यानंतरच्या त्रासांबद्दल तर कुणी बोलतच नाही. गुदाशय काढून आतडे खाली जोडले, पिशवी बंद झाली, सगळे आनंदात असतात, आणि मग रुग्णाच्या लक्षात येते की दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जावे लागते, लागली की थांबवता येत नाही, जाऊन आले तरी पुन्हा लगेच जावे लागते. हा माणूस मग वडापच्या जीपमध्ये बसत नाही, लग्नाला जात नाही, देवळातल्या भजनाला जाणे सोडतो. त्याला वाटते की हे आपल्यालाच झाले आहे किंवा रोग परतला आहे. प्रत्यक्षात हा या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वज्ञात त्रास आहे, रेडिएशन झालेल्यांत तो अधिक असतो, आणि आहार, औषध, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी तो बऱ्याच जणांत पुष्कळ कमी होतो. ओटीपोटातील नसांना धक्का लागल्याने लघवीचे आणि पती-पत्नीच्या संबंधांचे प्रश्नही उद्भवतात. पुरुष ते सांगत नाहीत, स्त्रियांना तर कुणी विचारतही नाही. रेडिएशनचा परिणाम म्हणून काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, शौचातून रक्त पडू शकते, पण ते रेडिएशनचेच आहे असे घरबसल्या ठरवून चालत नाही. तपासणी व्हायलाच हवी. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी१२ जीवनसत्त्व आयुष्यभर पाहत राहावे लागते. आणि पोटात चिकटलेल्या आतड्यामुळे होणारा अडथळा ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही होऊ शकतो, म्हणून पोटावरचा जुना वण कोणत्याही नव्या डॉक्टरला आपणहून दाखवावा.

शस्त्रक्रियेच्या आधी करण्यासारखे आहे ते थोडक्यात लिहिते, कारण ते आपण सर्व जाणताच. सिगारेट आणि विडी किमान चार आठवडे आधी बंद व्हावी, हिमोग्लोबिन आणि साखर ताळ्यावर यावी, पोषण सुधारावे. निपाणी-चिकोडी भागात तंबाखू हे लोकांचे पीक आहे आणि कामही. बायका दात घासायला मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत मोजत नाहीत. म्हणून ‘तंबाखू खाता का’ एवढे विचारून भागत नाही, मिश्रीबद्दल वेगळे विचारावे लागते.

यापुढचा मुद्दा आपल्या सीमाभागाचा आहे. इथला रुग्ण योजना, अंतर आणि नातेवाईक पाहून बेळगावात, हुबळीला, मिरजेला, कोल्हापूरला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, क्वचित मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोहोचतो. ऑपरेशन एका राज्यात, केमो दुसऱ्या ठिकाणी, आणि रात्री अडचण आली की गाठायचे ते गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथले डॉक्टर अनेकदा कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले असतात आणि त्यांना मराठीतील कागद वाचता येत नाही. घरच्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि कन्नड बोलता आले तरी सफाईने वाचता येत नाही. ज्या भागात एखाद्या भाषिक गटाची लोकसंख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत उपलब्ध करून द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य केलेले तत्त्व आहे. मी ते वादासाठी मांडत नाही. एकाच कागदाच्या एका बाजूला घरच्यांसाठी मराठी आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर व आशा कार्यकर्तीसाठी कन्नड आणि इंग्रजी असेल, तर या सगळ्या साखळीतील प्रत्येकाला आपल्यापुरते वाचता येईल. ज्या गावांत घरे कन्नड बोलतात आणि ऑपरेशन मिरजेत मराठी कार्डावर झालेले असते, त्यांनाही याचा तेवढाच उपयोग आहे.

त्यामुळे आपणांकडे माझे मागणे असे आहे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडण्याआधी वर लिहिलेली धोक्याची लक्षणे त्याच्या घरातील जी व्यक्ती प्रत्यक्ष सेवा करणार आहे तिला, बहुधा ती सून किंवा बायको असते, तिच्या भाषेत समजावून सांगावीत, तिच्याकडून ती परत वदवून घ्यावीत, आणि पिशवी असेल तर तिने स्वतःच्या हाताने निदान दोनदा बदलल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नये. कार्डावर एक असा फोन नंबर असावा जो रात्रीही उचलला जाईल आणि ज्यावर बोलणाऱ्याला मराठी समजेल. पहिल्या दहा दिवसांत रुग्णालयातून निदान दोन फोन व्हावेत. रोग्याची नाडी, पोट, ताप आणि पिशवीचा आकडा विचारायला पाच मिनिटे लागतात. जिल्हा आरोग्य खात्याने सीमाभागातील तालुक्यांच्या आशा कार्यकर्त्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिकांना याचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि तालुका रुग्णालयांत पिशव्या, चकत्या व कातडीला लावायची पेस्ट ठेवावी, म्हणजे खानापूरच्या डोंगराकडच्या माणसाला एका चकतीसाठी बेळगावची फेरी पडणार नाही. पावसाळ्यात ती फेरी कित्येकदा होतच नाही, आणि मग लोक प्लास्टिकची साधी पिशवी पोटाला बांधतात. मी ती बांधलेली पाहिली आहे, आणि तिच्याखालची कातडीही.

मराठी बाजूचा मसुदा मी दोन पानांत लिहून काढला आहे. त्यातील वैद्यकीय भाग एखाद्या शल्यचिकित्सकाने आणि कर्करोगतज्ज्ञाने तपासून द्यावा, आणि कन्नड बाजू खात्यातीलच कुणा परिचारिकेने लिहावी, म्हणजे ती बोलल्यासारखी उतरेल. खात्याने वेळ कळवल्यास मी मसुदा घेऊन बेळगावच्या कार्यालयात येईन, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी पिशवी लावून दाखवण्याचे काम विनामोबदला करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव